हात लावायचा नाही

ट्रे पडत होता म्हणून मी पकडला. एवढंच झालं होतं.

डिप्लोमाच्या एका मुलाने बनचा ट्रे रॅकमध्ये अर्धाच सरकवला आणि फोन बघत बाजूला वळला. बन अजून भाजायचे होते. फुगून तयार झालेले पांढरे गोळे. ट्रे तिरका झाला. मी बेसिनपाशी भांडी घासत होते, नुकतेच हात धुतले होते. मी धावले. जमिनीवरची पिवळी पट्टी, आमची हद्द, ओलांडून ट्रे दोन्ही हातांनी खालून धरला. कडेचे गोळे घसरायला लागले होते, ते तळहाताने आत ढकलले. त्या संस्थेत मी बेकरी शिकायला आले होते. आणि पिठाला माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. कोमट होतं पीठ. मऊ.

बेकरी विभागाच्या मॅडम आल्या. मला वाटलं, शाब्बास म्हणतील. खरंच वाटलं. माणूस किती येडा असतो.

"तू आत कशी आलीस?"

"मॅडम, ट्रे पडत होता."

"मी ते विचारलं नाही. आत कशी आलीस?"

मॅडमनी त्या मुलाकडे बघितलं. "फेकून दे ते."

तो म्हणाला, "मॅम, खाली नाही पडले. ठीक आहेत."

"फेक म्हटलं ना. सगळे. हायजीन म्हणून काही असतं की नाही?"

त्याने डब्याचं झाकण पायाने उघडलं आणि ट्रे उलटा केला. ज्यांना माझा हात लागला ते गोळे गेले. ज्यांना नाही लागला तेही गेले. मग मॅडमनी रिकामा ट्रे टेबलाच्या टोकाला ठेवला. माझ्या हातात दिला नाही. टोकाला ठेवला आणि बोटाने दाखवला.

"हा घास."

सगळी सकाळ माझे हात साबणाच्या पाण्यात होते. त्या किचनमध्ये माझ्याइतके स्वच्छ हात कोणाचे नव्हते. फोन चिवडणाऱ्या त्या मुलाचे तर नव्हतेच. त्याला कोणी हात धुवायला सांगितलं नाही.

तो ट्रे मी घासला. त्या दिवशी घासला.

संध्याकाळी जिन्यात तो मुलगा भेटला. "सॉरी यार," म्हणाला, "मी जास्त बोललो असतो तर माझे मार्क्स गेले असते." वाईट नव्हता तो. पण त्याच्या सॉरीचं मी काय करू?

मी चारकोपची. सेक्टरमधल्या बैठ्या खोलीत वाढले. आजोबा कोकणातून आले ते गिरणीत लागले, गिरणी गेली, मग बाबांनी मिळेल ते केलं. शेवटी पार्ल्याला एका सोसायटीत लिफ्टमन झाले. सकाळी खाकी शर्ट घालून निघायचे. आई कांदिवलीला दोन घरी पोळ्या लाटायची. बारावी झाल्यावर मी चारकोपच्याच इंडस्ट्रीयल इस्टेटमध्ये खोट्या दागिन्यांच्या पॅकिंगला लागले. दिवसभर कानातले पुठ्ठ्याला टोचायचे. मान मोडायची.

मॅडम बाबांच्या सोसायटीतच राहायच्या, वरच्या मजल्यावर. पार्ल्यातल्या त्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये बेकरी विभागाच्या प्रमुख. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी बाबांना विचारलं, "मुलगी काय करते तुमची?" बाबांनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पाठवा माझ्याकडे. फ्री कोर्स आहे. बेकरीचा. सर्टिफिकेट मिळेल."

बाबा घरी आले ते उडतच. "बघ गो," आईला म्हणाले, "मोठी माणसा अशी असतत. लिफ्टमध्ये उभ्या उभ्या पोरीचा भला केल्यानी."

मलाही आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू. मला पाव आवडतो. चारकोपच्या नाक्यावरच्या भट्टीवरून जाताना तो वास आला की मी हळू चालायचे. तो वास कसा होतो, पीठ फुगतं ते का फुगतं, हे मला शिकायचं होतं. आणि कानातले टोचायचे नव्हते.

पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मग परत आडनाव. जात त्यांनी विचारली नाही. गरज पडली नाही.

त्या इन्स्टिट्यूटमध्ये दोन प्रकारची मुलं होती. एक डिप्लोमावाले. त्यांचे आईवडील भरपूर फी भरत. ते पुढच्या गेटने यायचे, काचेच्या दारातून. दुसरे आम्ही. स्कीमवाले. सरकारची कौशल्याची योजना होती, त्यात आमची बॅच. आम्ही मागच्या गेटने. जिथून मैद्याच्या गोणी आत जातात तिथून. आम्हाला नावाने कोणी हाक मारत नसे. "ए स्कीम, इकडे या." "स्कीमला सांगा, लादी ओली आहे."

आमचा वर्ग तळघरात. तिथे भिंतीवर व्हिडिओ लावायचे. कुठल्या तरी परदेशातला गोरा माणूस ब्रेड करतोय, इंग्रजीत बोलतोय. आवाज फाटलेला. मास्तर म्हणून जो होता तो दाराशी खुर्ची टाकून बसायचा. व्हिडिओ संपला की म्हणायचा, "समजलं ना?" आम्ही म्हणायचो, समजलं.

मग प्रॅक्टिकल. वरच्या मजल्यावर मोठं किचन. स्टीलची टेबलं, मोठे ओव्हन, पीठ मळायचं मशीन. सगळं चकाचक. आणि जमिनीवर पिवळी पट्टी. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "स्कीमवाल्यांनी पट्टीच्या मागे उभं राहायचं. नीट बघायचं. हात लावायचा नाही."

बघून झालं की भांडी. डिप्लोमावाल्यांची. जळलेल्या साखरेची पातेली, चिकट पिठाची भगुली, तळाला करपलेले ट्रे. तारेच्या घासणीने घासून घासून बोटांची सालं निघायची. हे आमचं प्रॅक्टिकल. भांडी घासायला मला कोणी शिकवायला नको होतं. ते मी घरी शिकूनच आले होते.

हजेरीला मात्र मशीन होतं. अंगठा लावायचा. आल्यावर एकदा, जाताना एकदा. साबणाच्या पाण्याने माझ्या अंगठ्याच्या रेषा पुसट झाल्या. मशीन लाल दिवा दाखवायचं. मग क्लार्क ओरडायचा, "नीट लाव. पुसून लाव. जोरात दाब." डोक्याला लावून बघ, केसांचं तेल लागलं की घेतं, असंही सांगायचा. मशीनने अंगठा घेतल्याशिवाय मला जाऊ देत नसत. अंगठा लागला की बॅच चालू आहे असं वर सरकारला दिसायचं, संस्थेला पैसे यायचे. त्यांना माझा अंगठा हवा होता. हात नको होता.

हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, फुकट शिकतोय तर असंच असणार. घरी बाबा रोज विचारायचे, "आज काय केलंत?" मी म्हणायचे, "बन." "उद्या काय?" "खारी." बघितलं होतं ना. खोटं नव्हतं तसं. बाबा सोसायटीत जाऊन सांगायचे, माझी मुलगी खारी करायला शिकली. एक दिवस म्हणाले, "मॅडमसाठी तू केलेला कायतरी घेऊन ये, लिफ्टमध्ये देतंय." मी म्हटलं, बाहेर न्यायला देत नाहीत.

माझ्या बाजूला सुरेखा उभी राहायची. माझ्यापेक्षा मोठी, दोन मुलांची आई. नवरा गेलेला. तिला सर्टिफिकेट पाहिजे होतं, कारण एका हॉस्पिटलच्या कँटीनवाल्याने सांगितलं होतं, कागद आण, लगेच घेतो. ट्रेचा प्रकार झाला तेव्हा ती बेसिनपाशीच होती. सगळं बघितलं तिने. नंतर मला म्हणाली, "गप राहा गं. अजून थोडेच दिवस. कागद मिळाला की ढुंकून बघू नकोस यांच्याकडे."

मी म्हटलं, "सुरेखाताई, कागद मिळाल्यावर कँटीनवाला म्हणाला, बन कर, तर काय करशील?"

तिने पुढचं पातेलं ओढलं. मग म्हणाली, "त्या वेळचं त्या वेळी बघू."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तपासणी आली. योजनेचे साहेब बघायला येणार होते.

सकाळीच शिपाई किचनमध्ये उकिडवा बसून पिवळी पट्टी खरवडून काढत होता. लांबच लांब निघाली. खाली गोंदाचा काळा डाग राहिला, तो त्याने रॉकेल लावून पुसला. आम्हाला नवीन एप्रन दिले. पिशवीतून काढलेले, घड्या तशाच. टोप्या दिल्या. डिप्लोमावाल्यांना सुट्टी होती. त्यांनी आदल्या दिवशी केलेले बन, खारी, केक टेबलांवर मांडले होते. आम्हाला टेबलांमागे उभं केलं. त्या जागेवर आम्ही पहिल्यांदाच उभ्या होतो.

इन्स्टिट्यूटचे मुख्य सर आले. गळ्यात ओळखपत्र, हसरा चेहरा. "काही करायचं नाही," म्हणाले. "मशीन चालू करू नका. फक्त उभं राहायचं. विचारलं तर सांगायचं, रोज प्रॅक्टिकल होतं. ठीक?"

मॅडम माझ्यापाशी आल्या. हातात बनचा ट्रे दिला. या वेळी हातात दिला. "तू पुढे उभी राहा. तुझं बोलणं साफ आहे. साहेब विचारतील तर सांग, मी केलेत." मग माझी टोपी स्वतः सरळ केली. "बाबांना पण किती बरं वाटेल."

हातातले बन बघत होते मी. चांगले झाले होते. वरून सोनेरी. पहिल्या दिवसापासून मला ते करायचे होते. आणि आता मी म्हणायचं होतं की मी केले.

मी ठरवून काही केलं नाही. हे सांगते कारण नंतर लोक म्हणाले, हिला कोणीतरी शिकवून पाठवली होती. कोणी शिकवलं नव्हतं. तिथे कोणीच काही शिकवत नव्हतं.

साहेब आले. बरोबर फोटोवाला. साहेब वयस्कर, आवाज मऊ. माझ्यासमोर थांबले.

"काय बेटा, हे सगळं तू केलंस?"

सर मागून म्हणाले, "हो सर, आमची बेस्ट स्टुडंट आहे."

मी म्हटलं, "नाही."

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"मी नाही केले. आम्हाला पिठाला हात लावू देत नाहीत. आम्ही भांडी घासतो."

मी मागे वळले. सगळ्या बायका, मुली एप्रनकडे बघत होत्या. "सांगा ना," मी म्हटलं. "तुम्ही पण सांगा ना." कोणी वर बघितलं नाही. सुरेखाताईने एप्रनचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

मग साहेब हसले. मोठ्याने नाही. समजुतीने हसले. "अरे, भांडी घासणं हा पण शिक्षणाचाच भाग आहे. मी पण घरी घासतो, मिसेसला विचारा."

सर हसले. मॅडम हसल्या. फोटोवाला हसला. साहेबांनी माझ्या ट्रेमधला एक बन उचलला, तोडून खाल्ला. "छान झालाय," म्हणाले. आणि चहाला गेले.

झालं. एवढंच. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं मोठं खरं बोलले, आणि त्यांनी त्याच्यावर चहा घेतला.

साहेबांची गाडी गेली आणि मला ऑफिसमध्ये बोलावलं. सरांचा चेहरा आता हसरा नव्हता. पण त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी बाबांना बोलावलं होतं.

बाबा ड्यूटीवरून तसेच आले. खाकी शर्ट, खिशाला सोसायटीचा बिल्ला. धावत आले असावेत, कपाळावर घाम होता. समोर खुर्च्या होत्या. बसा कोणी म्हटलं नाही, ते बसले नाहीत. मॅडम बाजूच्या सोफ्यावर फोन बघत होत्या.

सर म्हणाले, "तुमच्या मुलीने संस्थेची बदनामी केली. सरकारी माणसासमोर. मॅडमनी केवढ्या विश्वासाने घेतलं होतं हिला. असं फेडलंत तुम्ही?"

बाबांना काय झालं ते नीट माहीतही नव्हतं. त्यांनी आधी हात जोडले, मग विचारलं, "काय केलं साहेब हिने?"

हात आधी. प्रश्न नंतर.

सरांनी सांगितलं. बाबा माझ्याकडे वळून बघायला तयार नव्हते. "चुकली साहेब. पोर आहे. परत नाही होणार. मॅडम, तुम्ही तरी..." आणि ते वाकले. अजून वाकत होते.

"तिला माफी मागू दे," सर म्हणाले. "लेखी नको. तोंडी चालेल. मॅडमची माग."

बाबा म्हणाले, "माग गो."

मी बाबांचे हात बघत होते. लिफ्टचं जाळीचं दार ओढून ओढून त्यांच्या उजव्या तळव्याला घट्टे पडलेत. ते हात जोडलेले होते, कपाळापर्यंत नेलेले. माझ्यासाठी. मी पुढे गेले आणि त्यांची मनगटं धरून खाली ओढली. जोर लावावा लागला. बाबा सोडत नव्हते.

"तुम्ही काय केलंय?" मी म्हटलं. "हात खाली करा."

"तू गप..."

"बाबा, हात खाली करा."

मग मी मॅडमकडे वळले. "मॅडम, मी माफी मागते. तुम्ही आधी एक सांगा. त्या दिवशी ते बन का फेकलेत?"

मॅडमनी फोनवरून मान वर केली. "कुठले बन?"

मला वाटलं, नाटक करतायत. मी नीट बघितलं. नाटक नव्हतं. त्यांना आठवतच नव्हतं. जे मला रोज आठवत होतं, ज्याच्यामुळे मी घरी जेवताना स्वतःच्या हाताकडे बघायला लागले होते, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांनी माझा राग राग करून ते केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं केलं होतं. पंखा लावावा तसं.

तिथे माझी भीती गेली. कुठे गेली माहीत नाही. इतके दिवस मी विचार करत होते, माझं काय चुकलं, मी आत जायला नको होतं का, नखं वाढलेली होती का, केस बांधलेले नव्हते का. माझं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे कारणच नव्हतं. त्यांना कारण लागतच नव्हतं.

"मी माफी नाही मागणार," मी म्हटलं. "काय करायचं ते करा."

आणि एप्रन काढून खुर्चीवर ठेवला. बाबा बसले नव्हते त्या खुर्चीवर.

रस्त्याने बाबा पुढे, मी मागे. सिग्नलला ते थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "माझा काम गेला तर तू पोसतलंस?"

सिग्नल सुटला, ते चालायला लागले.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. पीठ मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, "बरा केलंस." थोड्या वेळाने म्हणाली, "आता फुडे काय ता सांग."

पुढे काय झालं ते सांगते. गोड काही नाही.

बाबांचं काम गेलं नाही. पण सोसायटीने त्यांना लिफ्टमधून काढून गेटवर टाकलं. मॅडमना लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर "ऑकवर्ड" वाटतं म्हणे. लिफ्टमध्ये स्टूल होतं, पंखा होता. गेटवर ऊन आहे. बाबा काही बोलत नाहीत. माझ्याशी तर नाहीच बोलत. भाजी वाढ, दार लाव, एवढंच. मी त्यांना दोष देत नाही. पण मला ते बोचतं, रोज बोचतं, हेही खरं.

मला परत आत घेतलं नाही. बाकी बॅचला सर्टिफिकेटं मिळाली. सुरेखाताईलाही. हॉस्पिटलच्या कँटीनवाल्याने तिला विचारलं, काय काय बनवता येतं? तिला एकही सांगता येईना, त्याने घेतलं नाही. आता ती मालाडला एका मॉलच्या फूड कोर्टमध्ये टेबलं पुसते. तिच्या सर्टिफिकेटवर बेकरी लिहिलेलं आहे. माझी तिची नाक्यावर गाठ पडली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ, मी म्हटलं होतं."

तिने मला तिथेच झापलं. "तुला परवडतं गं तोंड उघडायला. तुझे आईबाप आहेत. माझ्या पोरांना कोण आहे? आणि तुझ्याकडे तर टेबल पुसायचा पण कागद नाही."

खरं होतं. त्या दिवशी मला कळलं की मी तिच्यावर चिडत होते, आणि ज्याच्यावर चिडायचं तो एसीत बसला होता.

मी तक्रार करायला गेले. सरकारी ऑफिस, खिडकी. खिडकीतला माणूस म्हणाला, ऑनलाईन करा. सायबर कॅफेत बसून ऑनलाईन केली. त्यात माझा ट्रेनिंगचा नंबर टाकायचा होता. टाकला. समोर आलं, उमेदवाराने प्रशिक्षण स्वतःहून सोडले. स्वतःहून. पुढचं बटण दाबलं तर दबेना. सोडून गेलेल्याला तक्रार करता येत नाही. मी त्या माणसाकडे परत गेले. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही नाहीच आहात, तर मी काय करू?" मी त्याच्यासमोर उभी होते.

त्याच वर्षी सरकारी आयटीआयला फॉर्म भरला. बेकरीचा ट्रेड मिळाला. तिथे सगळं झकास आहे असं समजू नका. ओव्हन महिन्यातून निम्मे दिवस बंद. आमच्या ट्रेडचे सर बदलून गेले, जागा रिकामी, दुसऱ्या ट्रेडचे सर येऊन वर्ग सांभाळतात. मैदा संपला की आठवडा आठवडा येत नाही. पण पीठ सगळे मळतात. माझा पहिला बन दगड झाला. सरांनी तो टेबलावर आपटून सगळ्यांना आवाज ऐकवला. सगळे हसले, मीपण हसले. ओव्हन बंद पडला की मी प्रिन्सिपलच्या दारात जाऊन उभी राहते. त्यांना माझा कंटाळा आलाय. येऊ दे.

आणि आता परवाची गोष्ट.

आमच्या सेक्टरमधल्या समाजमंदिरात बॅनर लागला. मुलींसाठी मोफत प्रशिक्षण, बेकरी आणि हॉटेल, नोकरीची हमी. तीच इन्स्टिट्यूट. संध्याकाळी हॉल भरला. आया मुलींना घेऊन आल्या होत्या, चांगले कपडे घालून. मंडळाच्या पोरांनी पाहुण्यांना शाली दिल्या. मॅडम माईकवर आल्या. छान बोलल्या. "तुमच्या मुलींच्या हाताला आम्ही हुनर देणार," म्हणाल्या. टाळ्या पडल्या. एका आईने विचारलं, बसचे पैसे मिळतील का? मॅडम गोड हसून म्हणाल्या, बघू.

"अजून कोणाचा प्रश्न?"

मी उठले. "मॅडम, मुलींना पिठाला हात लावायला देणार का?"

लोक हसले. त्यांना वाटलं, काय हा प्रश्न. बेकरीच्या कोर्सला पिठाला हात लावायला देणार का म्हणे.

मॅडमनी मला या वेळी ओळखलं. "ही मुलगी आमचा कोर्स अर्धवट सोडून गेलेली आहे," त्यांनी माईकवर सांगितलं.

"सोडला नाही. काढलं," मी म्हटलं. "मी तिथे रोज येत होते. एकदाही पीठ मळलं नाही. डिप्लोमावाल्यांची भांडी घासली. आम्हाला मागच्या गेटने घेतात. मी खोटं बोलत असेन तर मॅडमनी इथे सगळ्यांसमोर सांगावं, पहिल्या दिवसापासून या मुलींना ओव्हनवर उभं करीन म्हणून."

मॅडमनी माईक खाली ठेवला. मंडळाचा एक पोरगा माझ्यापाशी आला. "ताई, पाहुणे आहेत. नंतर बोला ना. आपल्याच सेक्टरची वाट लावता काय?" मागून कोणीतरी म्हणालं, हिचा काही पर्सनल मॅटर आहे. माईकवर गाणं लावलं. नावं नोंदवायला रांग लागली. मोठी रांग. माझ्या बोलण्याने चारदोन जणीही मागे फिरल्या नाहीत.

बाहेर एका मुलीने मला गाठलं. सतराअठराची असेल. आई तिचा हात धरून ओढत होती.

"ताई, मग जाऊ की नको?"

मी काय सांगणार होते? जाऊ नको म्हणू? आणि मग काय, कानातले टोच?

"जा," मी म्हटलं. "नाव घाल. सरकार तुझ्यासाठी पैसे देतंय, ते काय त्यांच्या घरचे नाहीत. कोणाचे उपकार मानू नकोस. आणि पहिल्या दिवशी विचार, पीठ कुठे आहे. नाही दिलं तर घासणीला हात लावू नकोस. एकटी पडशील. मला फोन कर, मी येईन. गेटवर येऊन बसेन."

तिच्या आईने तिला ओढत नेलं. मुलीने मागे वळून माझा नंबर विचारला. मी ओरडून सांगितला. तिने घेतला की नाही, माहीत नाही.

माझ्यावर चिडलेत सगळे. मंडळ चिडलंय. बाबांना कोणीतरी सांगितलं असणार, ते काल ताटावरून उठले. मला शांत झोप लागली, मन हलकं झालं, असं काही झालेलं नाही. मी अजून रागात आहे आणि हा राग मला घालवायचा नाही.

ते परत येतील. चारकोपला नाही तर दहिसरला, घाटकोपरच्या डोंगरावर, मुलुंडला, जिथे बैठ्या खोल्या आहेत तिथे बॅनर लागेल. मोफत लिहिलेलं असेल. मी जाणार. आयटीआय बुडवून जाणार, कोणी बोलावलं नाही तरी जाणार, एकटी जाणार. मधल्या खुर्चीवर बसणार. कोणाचा प्रश्न आहे का, असं विचारलं की उठणार आणि तोच प्रश्न विचारणार. लोक हसले तर हसू देत. माईकवर गाणं लावलं तर गाणं संपेपर्यंत थांबणार.

उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसणार नाही.